राजूरची पाटी

‘मॅडम, अब्बा गेले...’ सलमाचा फोन आला तेव्हा अकोले गावातल्या माझ्या दवाखान्यात मी एका आजोबांना वॉकर धरून चालवत होते. त्यांचा हात सोडता येईना आणि फोनही ठेवता येईना. दीड महिना झाला, मन थाऱ्यावर नाही.

सलमाचे वडील युसूफचाचा राजूरला मुरगळलेले पाय, लचकलेल्या कमरा चोळून द्यायचे. डोंगरातल्या वाड्यांवरून माणसं जीपनं त्यांच्याकडे यायची. पुढे कुणीतरी सुचवलं म्हणून त्यांनी दारावरच्या पाटीवर ‘फिजिओथेरपी’ लिहून घेतलं. मी त्याचीच पदवी घेतलेली, रीतसर नोंदणी केलेली. तो शब्द मला खुपायचा, पण मी गप्प होते... हौसाबाई येईपर्यंत. भाताच्या खाचरात त्या पडल्या होत्या आणि चाचांनी तीन आठवडे पाय चोळला होता. खुब्याचं हाड मोडलेलं. माझ्याकडे आल्या तेव्हा पाय आखूड झाला होता.

मी राजूरला गेले. म्हटलं, ‘तो शब्द पुसा आणि हे बंद करा. नाहीतर मला लेखी तक्रार करावी लागेल.’

‘करा,’ चाचा म्हणाले. ‘पन मानसं तुमच्याकडं येनार न्हाईत. यष्टीची वाट बघत घरीच कन्हत बसतील.’

मी तक्रार केली. चौकशी झाली, पाटी उतरली, काम बंद झालं. महिन्याभरानं चाचा माझ्या दारात उभे. वाटलं, भांडायला आलेत. खाली बघत म्हणाले, ‘हौसाचं हाड मला कळलं न्हाई. कुनाला हात लावायचा न्हाई, तेवढं शिकवा.’

तेवढं मी शिकवलं. पुढे कुणी त्यांच्याकडे आलं की ते त्याला जीपमध्ये बसवून माझ्याकडे धाडत. हौसाबाईंना तर व्यायामासाठी दर आठवड्याला स्वतः आणत. बाहेर बाकावर बसून राहत, आत कधी आले नाहीत.

शेवटच्या भेटीत मी विचारलंच, ‘चाचा, राग नाही ना?’

‘राग न्हाई. पन मॅडम, लई मानसं बरी बी झाली हुती.’

तशी वेळ आली तर मी पुन्हा तक्रार करीन, आणि तरीही ते वाक्य मनातून जात नाही.

ते गेल्यावर राजूरकडून पेशंट येणं थांबलं. म्हणून बाजारच्या दिवशी मीच तिथे जाते. सलमानं अब्बांची खोली उघडून दिली आहे. खिडकीशी त्यांचा फळ्यांचा पलंग आहे, एका बाजूची कड गुळगुळीत झिजलेली. परवा त्यावर एक म्हातारी डोळे मिटून आडवी झाली. मी पायाला हात लावला तशी म्हणाली, ‘चाचाचा हात ऊन असायचा.’

मी तळवे एकमेकांवर घासले, आणि पुन्हा तिचा पाय धरला.