दोन गालांचा प्रयोग

पुरावेबाई माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर सुरकुती म्हणून नव्हती. मालवणच्या बाजारात एका मासेवालीनं त्यांच्याबद्दल मला विचारलं होतं, "धाकटी भयण इली नाय आज?" त्या दिवशी मी बांगडे न घेताच घरी आले. खारा वारा दोघींना सारखाच लागत होता, मग मलाच का ही शिक्षा? सांगायला लाज वाटते, पण त्या गुळगुळीत गालांवर मी मनातून जळायचे.

आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. कुणी काहीही सांगितलं की त्या विचारत, "पुरावो खंय आसा?" मुलांनी त्यावरूनच नाव पाडलं. माझ्या पर्समधून सुरकुत्यांवरच्या हायलुरॉनिक अ‍ॅसिडची बाटली डोकावली तेव्हाही त्यांनी तेच विचारलं. मी जाहिरातीचं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी बाई शोधनिबंधांच्या प्रती घेऊन हजर!

"ह्या पाणी धरून ठेवता. बारीक रेषा थोड्यो कमी दिसतत, खोल सुरकुती तशीच रवता. डॉक्टर सुयेन भरतत ता वेगळा. तेका पुरावो बरो आसा, पण ताय काय महिन्यांनी विरता. बाटलीचे प्रयोग मात्र बरेचशे लहान, आणि कितीतरी इकणाऱ्यांनीच केलेले. आपण करून बघूया."

"मी एकटीच लावते ना," मी म्हटलं.

"एका तोंडार पुरावो होवचो नाय गो."

झालं. शाळेतल्या आम्ही बायका आणि पोषण आहार शिजवणाऱ्या दोघी, सगळ्यांना दोन-दोन बाटल्या मिळाल्या. एकीत औषध, दुसरीत तसंच दिसणारं साधं लोशन. उजव्या गालाला अ, डाव्याला ब. कशात काय आहे ते फक्त त्यांच्या कुडाळच्या फार्मासिस्ट भाचीला ठाऊक. दर शनिवारी प्रयोगशाळेच्या त्याच खिडकीशी उभं करून बाई आमचे फोटो काढायच्या.

मी आठवडाभर नियम पाळला. मग वाटलं, एकच गाल तरुण झाला तर? बाईंचे दोन्ही आधीच तरुण! मी दोन्ही बाटल्या वाटीत एकत्र केल्या आणि तोंडभर चोपडल्या.

शेवटी कुठल्या बाटलीत काय होतं ते भाचीनं सांगितलं. बऱ्याच जणींच्या औषधाच्या गालावर बारीक रेषा किंचित मऊ दिसत होत्या. माझे दोन्ही गाल सारखेच. बाई माझे फोटो भिंग लावून पाहत बसल्या, पण माझ्यावर त्यांना संशय आला नाही. त्यांनी वहीत प्रामाणिकपणे लिहिलं, 'एकीत फरक नाही.'

निवृत्तीच्या निरोप समारंभात त्या प्रमाण मराठीत म्हणाल्या, "आपल्याला हवा तसा निकाल आला नाही, तरी कुरकुर न करता तो स्वीकारणारी एकच बाई मी पाहिली." आणि माझ्याकडे बोट केलं. टाळ्या पडल्या. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

त्या पुण्याला मुलाकडे कायमच्या निघाल्या, तेव्हा एसटी स्टँडवर मी एका दमात सगळं सांगून टाकलं. बाईंनी पिशवीतून वही काढली, माझी ओळ खोडली आणि शेजारी लिहिलं, 'वगळले.'

"कारण लिवक व्हया," त्या म्हणाल्या. "काय लिवू?"

"हेवा," मी म्हटलं. "तुमचा."

त्यांनी पेन वहीवर टेकवलं. मग लिहिलं, 'दोन्ही बाटल्या एकत्र करून लावल्या.' वही मिटली, माझा हात दाबला आणि गाडीत चढल्या.

हेवा त्यांनी लिहिला नाही. म्हणून तो मी इथे लिहिला.