पाचवी खिडकी

सिंगापुरात आमच्या पासिर रिसच्या ब्लॉकमध्ये सध्या कठड्यांना रंग देतायत, आणि ऑइलपेंटचा वास आला की मला इथलं इंग्रजांच्या काळातलं एक घर आठवतं. लंडनच्या घरांसारखं उंच, पांढरंशुभ्र, वरच्या मजल्यावर ओळीत पाच खिडक्या, आणि उन्हामुळे सगळ्यांच्या नुकत्याच रंगवलेल्या काळ्या झडपा लावलेल्या. जिच्याशी मला लग्न करायचं होतं तिचे बाबा, जहाजावरचे चीफ इंजिनीयर, मला पारखायला तिथं घेऊन आले होते. मुलगी द्यायची की नाही, ते त्याच दिवशी ठरणार होतं. "एऽऽ, बोल्ट नीट आवळ!" अशी त्यांची घोगरी नक्कल करून मी तिला रोज हसवायचो, पण त्यांच्यासमोर नुसतं "हो काका, हो काका" करायचो. "वर जा, डावीकडच्या शेवटच्या खिडकीतून हात कर, फोटो काढतो," ते म्हणाले. मी लाकडी जिना धडाधडा चढलो, तर आत खिडक्या चारच! मी भिंत चाचपली, कपाटामागे डोकावलो, परत मोजल्या. चारच. खाली येऊन बाहेरून मोजल्या, तर पाच. डोक्याची पार मंडई झाली. "काका, शप्पथ, ती खिडकी आत नाहीच्चे," मी घामाघूम होऊन म्हणालो. "नाहीच आहे. घर समोरून दोन्हीकडे सारखं दिसावं म्हणून तिथं भिंतीवर नुसत्या झडपा ठोकल्यात. तुझ्याआधी आलेला मुलगा म्हणाला, 'हात केला की! तुम्हीच बघितलं नाहीत.'" आज ते मला जावईबापू म्हणतात, पण त्या दिवशी मी प्रामाणिक ठरलो की बावळट, हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.