शेजाऱ्याच्या बंदुकीचा दस्ता

माझ्या बायकोच्या मामांना आयुष्यात एकही गोष्ट पहिल्या फटक्यात कळलेली नाही, आणि न कळल्यामुळे त्यांचं कधी काही अडलेलंही नाही. पाटबंधारे खात्यात त्यांनी उभी हयात काढली; तिथे या गुणाकडे कुणाचं लक्ष गेलं नसावं. समोरचा बोलत असतो तोवर ते मान डोलावत "कळलं, कळलं" म्हणत राहतात आणि त्याचं बोलणं संपलं की अतिशय आदराने विचारतात, "पण म्हणजे काय?" करोनाच्या पहिल्या वर्षी, फेब्रुवारीत, ते भाचीचा संसार बघायला आमच्याकडे नेदरलँड्समध्ये, आल्मेरेला आले आणि पाठोपाठ विमानं बंद झाली. पुढे विशेष विमानं सुटू लागल्यावर आम्ही त्यांना जागा मिळवून देतो म्हणालो. पण कुठलं विमान कुठे उतरतं आणि उतरल्यावर माणसाला कुठे कोंडून ठेवतात, हे काही त्यांच्या ध्यानात येईना. त्यामुळे दर आठवड्याला त्यांची बॅग भरली जायची आणि दर आठवड्याला उपसली जायची.

आल्मेरे समुद्रसपाटीच्या खाली आहे, हे मी त्यांना सांगायला नको होतं. "म्हणजे आत्ता आपण पाण्यात आहोत?" असं विचारून त्यांनी त्या दिवसापासून बूट, छत्री आणि पासपोर्ट कपाटाच्या माथ्यावर ठेवायला सुरुवात केली. मनगटावरचं घड्याळ पुण्याच्या वेळेवरच होतं, कारण थोड्या दिवसांसाठी काटे कशाला हलवायचे! परिणामी आम्ही नाश्त्याला बसलो की मामा आमटीभाताची चौकशी करत. मी घरून काम करायचो. मीटिंग चालू असली की ते दारातून लॅपटॉपमधल्या सगळ्यांना रांगेने नमस्कार घालत. माझा डच मॅनेजर महिनाभरात उलट नमस्कार करायला शिकला आणि मीटिंगच्या सुरुवातीला माझ्याआधी मामांची खुशाली विचारू लागला.

शेजारच्या घरात ऐंशी पार केलेले एक डच आजोबा एकटे राहत. मुलं त्यांना बूरमन म्हणत. डच भाषेत शेजारीबुवांना तसंच म्हणतात, पण मामांना ते आडनाव वाटलं आणि त्यांनी 'मिस्टर बूरमन' सुरू केलं. बूरमनना ते आवडलं असावं, कारण त्यांनी कधी चूक सुधारली नाही. दोन बागांमध्ये कमरेएवढं झुडपांचं कुंपण होतं. त्याच्या अलीकडे मामा आणि पलीकडे बूरमन खुर्ची टाकून बसत. बूरमनचं इंग्रजी संथ, मामांचं सरकारी. तलाठ्याला पत्र लिहावं तसं ते "काइंडली सी द क्लाउड" म्हणत, आणि बूरमन मान वर करून ढग बघत. ज्या दिवशी एकमेकांचं काहीच कळलेलं नसे, त्या दिवशी मामा विशेष खुशीत घरात येत.

उन्हाळ्यात एकदा ते कुंपणावरून दोन्ही हातांवर एक लांबलचक काळपट लाकूड घेऊन घरात आले. माझी मुलगी किंचाळली, "मामाआजोबा, इज दॅट अ गन?"

"नाही गं. गनचं फक्त लाकूड आहे," मामा म्हणाले. "म्हणजे, तसं ते म्हणाले."

हळूहळू चौकशी करून आम्ही गोष्ट जुळवली. बूरमनचे वडील युद्धात शिपाई होते. त्यांची रायफल रीतसर कायमची निकामी करून बूरमननी दिवाणखान्यात टांगली होती. नळी आणि बाकी लोखंड त्यांच्याच घरात राहिलं. हा होता तिचा अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता. वर्षानुवर्षांच्या जुन्या रोगणाने तो काळाठिक्कर पडला होता. हिवाळ्याच्या तोंडावर बूरमन उत्तरेला लेकीकडे कायमचे राहायला जाणार होते. त्याआधी वडिलांची ही एवढी एक वस्तू चांगली करून न्यावी अशी त्यांची इच्छा होती, पण हात कापायचा. मामांनी ऐकून घेतलं आणि "आय विल डू" म्हणून टाकलं.

"मामा, तुम्ही जन्मात कधी लाकूड घासलंय का?" मी विचारलं.

"नाही हो जावईबापू. पण त्यांनी इतकं समजावून सांगितलं, की नाही कसं म्हणायचं तेच कळेना."

मग कुंपणापलीकडून सूचना आणि अलीकडून "कळलं, कळलं" असा कारखाना सुरू झाला. रोगण निघालं. पॉलिश पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासायचा, आडवा नाही, हे मामांना निम्मं लाकूड झाल्यावर कळलं, म्हणून ते निम्मं पुन्हा झालं. लाकडाला पडलेले खड्डे ओलं फडकं ठेवून वर गरम इस्त्री दाबली की फुगून वर येतात. बायको स्वयंपाकघरात आली तेव्हा मामा तिच्या इस्त्रीने हेच करत होते.

"मामा, तू बंदुकीला इस्त्री करतोयस?"

"अगं, मलाही तेच विचारायचंय. पण खड्डा वर आला बघ!"

शेवटी जवसाचं तेल हाताने चोळायची वेळ आली आणि मामांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ पहिल्यांदाच मावळला. घरातल्या किती तान्ह्यांना तेल लावताना त्यांनी पाहिलं असेल! ते बागेत चटई टाकून पाय लांब करून बसले, पायांवर दस्ता आडवा घेतला आणि तळव्याने तेल जिरवू लागले, तोंडाने "हां हां, झालं हं" असं पुटपुटत. पलीकडे बूरमन खुर्ची पुढे ओढून बघत राहिले. तपासायला दस्ता त्यांच्याकडे द्यायचा तर एक टोक यांनी धरायचं, दुसरं त्यांनी; करोनातल्या दीड मीटर अंतराच्या नियमाला एवढी सोयीची वस्तू साऱ्या नेदरलँड्समध्ये नसेल.

आणि मग आली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी लॅपटॉप, मुलांच्या सायकली आणि मिक्सर पुजतात. मामांनी पुण्यात जन्मभर अडकित्ता आणि कात्रीच पुजली. खऱ्या शस्त्राचा तुकडा प्रथमच त्यांच्या हाती आला होता. "शस्त्र घरात असताना मिक्सरची पूजा कसली करता?" असं म्हणून त्यांनी दस्ता पाटावर ठेवला, हळद कालवली आणि पाची बोटं बुडवून त्यावर ओढली. वर कुंकू, अक्षता, झेंडू. लाकडात तेल अजून मुरत होतं. त्याच्याबरोबर हळदही मुरली. दुसऱ्या दिवशी पुसायला घेतलं तेव्हा कुंकू निघालं आणि पाच पिवळीधमक बोटं जिथल्या तिथे राहिली. साबण झाला, लिंबू झालं, पॉलिश पेपर झाला. बोटं हलेनात.

मामांनी पॉलिश पेपर खाली ठेवला. "जावईबापू, त्यांच्या वडिलांची वस्तू आहे हो ती. माझ्या भरवशावर दिली होती. मी काय करून बसलो?" या वेळी मात्र त्यांना सगळं कळलं होतं, आणि तेच मला बघवेना.

"हळदीचा डाग ना? उन्हात ठेव, उडून जाईल," बायको म्हणाली. गोष्ट खरी होती. फक्त ऑक्टोबर सरता सरता हॉलंडमध्ये ऊन आणायचं कुठून? मामा दस्ता घेऊन एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत फिरू लागले. जरा उजेड झाला की धावत बागेत, थेंब पडला की धावत घरात. बूरमन बाहेर असले तर बागही बंद. कुंपणाशी बसणं त्यांनी सोडलं. बूरमनना वाटलं, मामांना करोना झाला. त्यांनी आमच्या दाराशी मटारच्या घट्ट सुपाचं पातेलं ठेवलं, बेल वाजवली आणि लांब जाऊन उभे राहिले. सुपात सॉसेज पोहत होतं आणि मामा पक्के शाकाहारी. तरी ते कुणाला ओतू देईनात. त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं, दस्ता उचलला आणि म्हणाले, "चला माझ्याबरोबर. मला नीट सांगता यायचं नाही."

कुंपणाशी मामांनी दस्ता पुढे केला. "मिस्टर बूरमन, काइंडली सी," एवढंच बोलले. बाकीचं मी सांगितलं. ज्या वस्तूंनी आपल्याला सांभाळलं त्यांना आम्ही वर्षातून एकदा हळद-कुंकू लावतो. त्यात हे झालं. डाग जात नाही. बूरमन त्या पट्ट्यांवरून आपली बोटं फिरवत होते.

"कुणाची बोटं?" त्यांनी विचारलं.

"माइन," मामा म्हणाले. मग घाईघाईने मला, "त्यांना सांगा, टांगताना ही बाजू भिंतीकडे करा म्हणावं. बाहेरून कुणाला दिसायचं नाही."

मी सांगितलं. बूरमन डचमध्ये "या, या", म्हणजे हो हो, म्हणाले, दस्ता उचलला आणि आत गेले. "रागावले का हो?" मामांनी विचारलं. मला तरी काय कळणार? दहा वर्षं इथे काढून डच माणसाचा चेहरा मला अजून वाचता येत नाही. थोड्या दिवसांत लेक गाडी घेऊन आली आणि बूरमन गेले. मामांनी खिडकीतून हात हलवला. हिवाळ्यात मामाही पुण्याला परतले.

वसंतात बूरमनच्या लेकीने मला एक फोटो पाठवला. नव्या खोलीतल्या भिंतीवर रायफल, खाली खुर्चीत बूरमन, अंगावर कोट, जणू काही समारंभ आहे. दस्ता आरशासारखा चमकत होता आणि हळदीची पाची बोटं बाहेरच्या बाजूला होती. मी फोटो मामांना पाठवला. लगेच त्यांचा व्हिडिओ कॉल आला.

"अहो, उलटी टांगलीय त्यांनी! एवढं सांगितलं होतं!"

"मामा, त्यांनी ती मुद्दाम..."

"नाही हो, वय झालंय त्यांचं. बाजू लक्षात राहिली नसेल." चष्मा कपाळावर सरकवून ते फोटो जवळून बघू लागले. मग नाक पुसून म्हणाले, "विमानं सुरळीत होऊ देत. मी स्वतः येऊन फिरवून देईन. तुम्ही मध्ये पडू नका."

मीही समजावून सांगायच्या भानगडीत पडलो नाही. समजलं तर ते यायचे नाहीत, आणि मामांनी यावं असं मला फार वाटतं.