भर स्टेजवर नवऱ्याचा छळ

मी माझ्या नवऱ्याचा छळ केला आहे, आणि उदगीरमधली आमची सगळी कॉलनी त्याला साक्षीला आहे.

झालं असं, की महिला दिनाला कॉलनीतल्या बायकांनी नाटक करायचं ठरवलं. विषय, स्त्रीला न्याय. मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पात्रं वाटताना कळलं, की न्यायाधीश व्हायला सगळ्या तयार, पण जुलमी नवरा व्हायला एकही नाही! ("मला न्हाई बाई तसं जमणार!" जणू मला जन्मजात जमत होतं!) शेवटी मिशी लेखिकेनंच लावावी असं ठरलं. न्यायाधीश झाल्या शिलाईचं दुकान चालवणाऱ्या रझिया भाभी, कारण काळा कोट त्यांना घरच्या घरी शिवता येत होता.

आणि ऐन नाटकाच्या सकाळी मंगलताई, म्हणजे माझा छळ सोसणारी बायको, तापानं आडव्या झाल्या! त्यांचे संवाद पाठ असलेलं माणूस गावात एकच. आमचे हे! तालमीला टपरीवरचा चहा घेऊन यायचे आणि कोपऱ्यात ऐकत बसायचे.

"अहो, साडी नेसाल का?"

"नेसतो की. पण तुझी हिरवी दे. ती मला लई आवडते."

आणि कॉलेजपासून जपलेली मिशी ह्यांनी एका झटक्यात उतरवली. घरात मिशी तेवढीच राहिली, फक्त ओठ बदलले.

हे स्टेजवर आले तसा हशा पिकला. (साडी नडगीपर्यंतच पोचत होती.) पण मान खाली घालून "जेवायला वाढू का?" असं हे इतकं केविलवाणं म्हणाले, की हसू थांबलं आणि बायका माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागल्या. मला चेव आला! "भाजीत मीठ किती!" असं ओरडून मी ताट भिरकावलं. तालमीत ते विंगेत जायचं. त्या दिवशी ते ह्यांच्या पायावर गेलं.

"अगं माय गं!" हे कळवळले. हे वाक्य नाटकात नव्हतं.

आणि माय खरंच उठली! पुढच्याच रांगेत बसलेल्या माझ्या सासूबाई तरातरा स्टेजवर आल्या.

"सुलभे, ताट फेकायलीस का गं?"

"आई, नाटक आहे!" मी मिशीतून कुजबुजले.

"माय, तू मधी पडू नगं," हे पदर सावरत म्हणाले, "ह्यांचा राग लवकर उतरतो!"

हॉल टाळ्यांनी दणाणला. लोकांना वाटलं, सासूचं पात्रही मीच लिहिलंय! रझिया भाभी गडबडल्या, पण खुर्ची सोडली नाही. "बोलो अम्मा, गवाही दो!"

सासूबाईंनी माईक ओढून घेतला. "मी नवी नवरी होते तवा माझ्यावर बी असंच ताट आलं होतं. घर माणसांनी भरलेलं. एक बी उठलं न्हाई." त्यांनी ह्यांच्या हिरव्या साडीकडे बोट केलं. "म्हणून मी उठले. लुगड्यात कोण हाय ते बघून न्हाई."

टाळी वाजवायचंही कुणाला सुचलं नाही. ह्यांनी आईचा हात धरला. मी वहीभर लिहिलं होतं, त्यात असं एक वाक्य नव्हतं. मी डोळे पुसले, तर अर्धी मिशी सुटून गालावर आली. तेव्हा कुठे हॉल पुन्हा हसला.

मग रझिया भाभींनी मी लिहिलेला निकाल खणखणीत आवाजात सुनावला. "आरोपीनं उद्यापासून घरातला सैपाक, भांडी, धुणं एकट्यानं करावं!" बायकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, "अहो, जरा चहा टाकता का?"

हे पाय शेकत बसले होते. "मी? शिक्षा तर तुला झाली!"

"आई, बघा की हो!"

"कोर्टाच्या मधी मी पडत न्हाई," सासूबाईंनी मेथीची जुडी पुढ्यात ओढली, "पर भाजी निवडून देते. तेवढा जामीन समज."

मी मुकाट्यानं चहा केला, कणीक भिजवली, पोळ्या लाटल्या, भांडी घासली, कपडे वाळत घातले. तेव्हा ध्यानात आलं, की ही शिक्षा तर मी लग्नापासूनच भोगते आहे. आणि सुटका कधी, ते निकालात लिहायलाच लेखिका विसरली आहे!