सुलभाआत्याने विझवलेला कापूर

सुलभाआत्याबद्दल कोणी काही बोललं की मला आधी रागच येतो. तिच्यावर नाही, बाकी सगळ्यांवर! पुण्याहून एकटी बंगलोरला आली, कारखान्यांच्या बॅटरी-रूमचं डिझाइन करते, एसी कुठे, पंखा कुठे, आणि नातेवाईक विचारतात, "एसी दुरुस्त करतेस ना गं?" ती म्हणते, "हो, तुमचा आणा."

बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. रंग नाही, वास नाही, गुपचूप छताशी जाऊन बसतो. बाहेर काढला नाही तर एक ठिणगी आणि खोली खलास. म्हणून एसी असला तरी छताजवळ हवा बाहेर फेकणारा पंखा हवाच, हे ती जेवतानासुद्धा सांगते.

शहाण्णवच्या आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, ती मला के. आर. पुरमजवळच्या कारखान्यात घेऊन गेली. तिथली बॅटरी-रूम तिचीच. ती सांभाळणारे देवाप्पाअण्णा निपाणीकडचे. बॅटऱ्यांना कुंकू, शेवंतीच्या माळा, काय थाट!

"या अक्का! पहिली आरती तुमच्या रूमची."

आत्या हसत आत गेली, वर बघितलं आणि थांबलीच. पंख्याच्या जाळीवर पुठ्ठा चिकटवलेला.

"हे कोणी केलं?"

"मीच. गारवा सगळा वाया जात होता, अक्का. साहेब शाब्बास म्हणाले."

चार्जर चालूच होता. आणि बाहेरून अण्णांची बायको कस्तुराबाई पेटलेल्या कापराचं ताट घेऊन येत होती. आत्या धावली. दाराबाहेरच तिला अडवलं आणि कापूर सरळ तळहाताने दाबून विझवला.

"अय्यो! आरती विझवली!" कस्तुराबाई रडायलाच लागली.

आत्याने चार्जर बंद केला, पुठ्ठा ओरबाडून काढला. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, सणाच्या दिवशी हे काय?"

तिने सगळं समजावलं. अण्णा एवढंच म्हणाले, "काही झालं नसतं, अक्का."

"झालं असतं तर हे म्हणायला तुम्ही नसता!"

कोणी प्रसादसुद्धा दिला नाही आम्हाला. हात भाजला तिचा, कोणी बघितलाही नाही!

पुढच्या आठवड्यात तिने फोन केला. अण्णा म्हणाले, "पंखा चालू आहे. पण तुम्ही येऊ नका, अक्का. स्वल्प दिवस जाऊ द्या. बायको अजून रडते."

ती गेलीच. मीही गेलो. वॉचमनने गेटवरच अडवलं, "ऑर्डर आहे." मग आम्ही कंपाउंडच्या मागे गेलो. बॅटरी-रूमची मागची भिंत गल्लीलाच लागून, वर पंख्याचं तोंड. मी खोकं धरलं, ती वर चढली, पेपर फाडून त्याची पट्टी पंख्याच्या तोंडासमोर धरली.

"हलते का?" मी खालून ओरडलो.

"हलते."

"मग झालं की!"

ती उतरेना. भाजलेला हात पंख्याच्या तोंडाशी धरून तशीच उभी.

"थोडीच हलते रे," ती म्हणाली. "हवा पुरेशी बाहेर पडते की नाही, इथून कळत नाही."