माहेरचं नाव विचारणारे वकील

वामनकाका वकील गेल्याचा फोन वहिनीनं केला, तेव्हा मी जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये कुकर लावत होते. "ताई, काका गेले," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. महिना होत आला, तरी तो आवाज कानातून जात नाही.

वहिनी बंगालची. सतरा वर्षांपूर्वी माझ्या भावाशी लग्न होऊन मोहाडीजवळच्या आमच्या गावी आली. धानाच्या रोवणीत तिचा हात आम्हा सगळ्यांपेक्षा भरभर चालतो. दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा पडताळणीत तिला नोटीस आली. या देशाच्या आहात हे सिद्ध करा, नाहीतर सीमेपलीकडे पाठवू. आधार कार्ड दाखवलं, ते चालेना. आमच्या तोंडचं पाणी पळालं. कुणीतरी सांगितलं, मोफत कायदेशीर मदत करणारे वामनकाका आहेत, त्यांना गाठा.

कागदांची पिशवी घेऊन आम्ही गेलो. काकांनी पिशवीकडे पाहिलंही नाही. चष्मा कपाळावर सरकवून वहिनीला म्हणाले, "बाई, लग्नाआधी तुमचं नाव काय होतं?"

भाऊ माझ्याकडे बघतोय, मी भावाकडे... वहिनी खाली मान घालून म्हणाली, "शेफाली." लग्नपत्रिकेवर एकदा छापलेलं ते नाव आम्ही साफ विसरलो होतो. 'कल्पना' मीच सुचवलं होतं, शाळेतल्या माझ्या आवडत्या बाईंचं. भावानं ताटातल्या तांदळात अंगठीनं ते लिहिलं आणि तेव्हापासून सगळ्या कागदांवर ती कल्पनाच. मला फार लाज वाटली.

"काहून बदललं?" काकांनी विचारलं. रागानं नाही, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"रीत हाय," भाऊ म्हणाला.

"रीत हाय, मंग देवापुढं ठेवलेली पत्रिका बी असन. थे आना."

पत्रिका देवघरातल्या पोथीत निघाली, हळदीच्या बोटांसकट. शेफाली, वडिलांचं नाव, गाव. काकांनी आधी नागपूरच्या हायकोर्टातून नोटिशीला स्थगिती आणली, मग तिच्या गावी पत्रं धाडली. शाळेच्या दाखल्याची नक्कल आली, वडिलांचं नाव असलेली जुनी मतदार यादी आली. शेफाली आणि कल्पना एकच, असं प्रतिज्ञापत्र आम्ही दिलं. नोटीस रद्द झाली, पण काकांचे प्रश्न थांबले नाहीत. तुमच्याकडे तळ्यात शिंगाडे होतात का? रोवताना बाया काय गातात?

परवा वहिनीला घेऊन काकूंकडे गेले. ऑफिसच्या खोलीत टेबलावर चष्मा तसाच होता. काकांची खोड लागलीच आहे मला आता, म्हणून विचारलं, "काकू, लग्नाआधी तुमचं नाव काय होतं?"

"कमल."

"आणि नंतर?"

"कमलच. ताट पुढं आलं, सगळे नवं नाव सांगून राहिले होते... अन् यायनं अंगठी हातात धरून मलेच विचारलं, तुले कोणतं नाव आवडते?"

वहिनी माझ्याकडे बघत होती. तिला कोणतं नाव आवडतं, हे मी अजूनही विचारलं नव्हतं. काकांच्या खुर्चीसमोर, पहिल्या दिवशी बसलो होतो त्याच बाकावर बसून मग विचारलं.