खूण पुढं हाय

"आधी खूण दाखवा, मग बोला."

असं म्हणून काका हात पाठीमागे बांधायचे आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता त्याच्या पायांखालच्या जमिनीकडे बघायचे. प्लंबर म्हणाला पाइप इथेच फुटलाय, तरी हेच. शेजारी म्हणाला माझ्या गाडीची जागा थेट तुळशीच्या कुंडीपर्यंत आहे, तरी हेच. तुमच्याही कॉलनीत असे एखादे काका असतील, ज्यांना येताना बघून भांडणारे आपोआप दोन पावलं मागे सरकतात. आमचे काका सरकारी मोजणी खात्यातून निवृत्त झालेले होते. सगळी कॉलनी त्यांना मोजणीकाका म्हणायची आणि त्यांना ते मनापासून आवडायचं.

सगळी नोकरी त्यांनी नाशिक जिल्ह्यातल्या शेतांच्या हद्दी मोजण्यात घालवली. घोटीकडे भाताच्या खाचरांतून, गुडघाभर चिखलात, सायखेड्याकडे उसातून, आणि स्वतःच्या सिन्नर तालुक्यात पाहुण्यारावळ्यांच्या शिव्या खात. त्यांचं पाऊल बरोबर अडीच फुटांचं पडायचं. "एक इंच इकडं नाय, तिकडं नाय," हे वर सांगायचे. वाढदिवसाच्या केकची सुरी त्यांच्या हातात दिली की मुलांची तोंडं उतरायची. केकवरचं क्रीमचं गुलाबाचं फूल त्यांनी अकरा मुलांत सारखं वाटलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी बँकेत नोकरी करते. म्हणजे दिवसभर खुर्चीत बसते आणि लोकांना फॉर्म परत भरायला लावते. चाळिशी उलटल्यावर डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं, "शुगर अगदी हद्दीवर आहे." संध्याकाळी कॉलनीच्या गेटपाशी मी हे काकांना सांगून बसले.

"हद्दीवर म्हंजे? अलीकडं का पलीकडं?"

"हद्दीवर एवढंच म्हणाले."

"असं मोघम नसतंय मॅडम. उद्या पहाटे साडेपाचला गेटवर या."

काका स्वतः निवृत्तीनंतर पळायला लागले होते. वय सदुसष्ट, अंगावर मांस नावाला नाही, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि कमरेला नोकरीतला चामडी पट्टा. काकूंना हा प्रकार मुळीच मंजूर नव्हता. "जन्मभर लोकांच्या शेतात चालून झालं, आता रस्त्यावर पळतायत. कुत्रं लागलंय का मागं?" असं त्या आम्हाला निघताना रोज विचारायच्या आणि उत्तराची वाट न बघता दार लावून घ्यायच्या.

पहिल्याच आठवड्यात काकांनी एक लांब काठी पैदा केली. तिच्या खालच्या टोकाला चाक होतं आणि चाक फिरेल तसे वर मीटर मोजले जायचे. ते चाक त्यांनी गंगापूर रोडवर धरणाच्या दिशेनं फिरवलं आणि ऑइलपेंटनं दर किलोमीटरला खांबावर नाहीतर झाडावर एक पांढरी आडवी रेघ मारली. झालं. दुसऱ्या दिवसापासून त्या रस्त्यावरच्या दुकानदारांचा जीव टांगणीला लागला. रस्ता रुंद होणार, सरकारी माणूस खुणा करून गेला! एका चहावाल्यानं तर आम्हाला भर पळताना अडवलं आणि दोन कप चहा हातात देऊन विचारलं, "साहेब, माझी टपरी राहती का जाती?" काकांनी त्याला खरं काय ते सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही. तो पुढे वर्षभर आम्हाला चहा पाजत राहिला.

पाचव्या किलोमीटरची रेघ या टपरीच्या पलीकडे, गुलाबाच्या रोपवाटिकेसमोरच्या विजेच्या खांबावर होती. हा खांब लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

दोनशे मीटरवर धापा टाकणारी मी हळूहळू तीन, मग पाच किलोमीटर पळायला लागले. जानेवारीत शहरात दहा किलोमीटरची शर्यत असते, तीत नाव द्यायचं ठरलं. काका म्हणाले, "किती वेळात?" मी जरा छाती पुढे काढून म्हटलं, "सव्वा तासाच्या आत." घरी हे सांगितल्यावर नवरा म्हणाला, "सव्वा तासात तुझं बाहेर पडायचं आवरत नाही." मुलगी हसली. मग मात्र मला तो सव्वा तास हवाच झाला. बँकेत टोकनचे आकडे बघतानाही माझ्या डोक्यात पंचाहत्तर मिनिटंच असायची. काका म्हणाले, मी तुमच्या बरोबर पळतो, घड्याळ माझ्याकडे राहू द्या.

पळताना ते गोष्टी सांगायचे. मला बोलायची शुद्ध नसायची, त्यामुळे त्यांना आयता श्रोता मिळाला होता. एकदा त्यांनी सायखेड्याकडच्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. दोन भावांत एक बांध होता. थोरला दरवर्षी नांगरताना बांधाची वीतभर माती आपल्याकडे ओढायचा. वीस वर्षांनी धाकट्यानं मोजणी लावली, तेव्हा बांध चांगला सहा पावलं सरकलेला निघाला.

"चोर होता तर," मी कशीबशी म्हणाले.

"नाय हो. लय चांगला माणूस. आमाला जेवू घातलं त्यानं. नकाशा बघून त्याचाच त्याला विश्वास बसंना. वीतभरच घ्यायचा ना दरसाल. वीतभर कुणाला दिसतंय?"

शर्यतीच्या दिवशी कडाक्याची थंडी होती. मार्ग आमचाच, गंगापूर रोडचा: पाच किलोमीटर जायचं, रस्त्यात ठेवलेल्या केशरी कोनाला वळसा घालायचा आणि परत यायचं. काका पहाटेच स्कूटरवरून जाऊन कोन बघून आले होते. "बरोब्बर आपल्या खांबापाशी ठेवलाय. शहाणी माणसं हायत," असा दाखला त्यांनी आयोजकांना देऊन टाकला.

सुरुवातीचे चार किलोमीटर मी हवेत होते. लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवत होते, एका आजींनी तर माझ्या हातात तिळाचा लाडू कोंबला. मग चढ लागला आणि हवा गेली. काका शेजारून घड्याळ बघत म्हणाले, "अर्धं मिनिट मागं हाय. घाबरू नका." घाबरू नका म्हटलं की माणूस हमखास घाबरतो. माझ्या पोटऱ्या दगड झाल्या, लाडू घशाशी आला. तेवढ्यात टपरी दिसली आणि तिच्या अलीकडेच, रस्त्याच्या मधोमध, केशरी कोन.

द्राक्षाच्या क्रेटनी भरलेला एक टेम्पो रस्त्यात बंद पडला होता. त्याच्यामुळे पुढे गर्दी होऊ नये म्हणून कुणीतरी कोन उचलून अलीकडे आणून ठेवला होता. पळणारे सगळे आनंदानं तिथूनच वळत होते. शिट्टी वाजवणारा पोरगेला स्वयंसेवक हातानं "वळा, वळा" करत होता.

काका वळले नाहीत.

"मॅडम, खूण पुढं हाय!"

मला ऐकू आलं. अगदी स्वच्छ ऐकू आलं. मी त्यांच्या पाठीकडे बघितलं, टेम्पोकडे बघितलं, कोनाकडे बघितलं, आणि वळले. सगळेच वळत होते हो! मागे वळून पाहिलं तेव्हा टेम्पोला वळसा घालून काका एकटेच खांबाकडे चालले होते आणि तो स्वयंसेवक शिट्टी वाजवत त्यांच्या मागे धावत होता.

मी एक तास चौदा मिनिटांत शर्यत संपवली. नवऱ्यानं फोटो काढले, मुलीनं मिठी मारली. दोन मिनिटांनी काका आले. त्यांच्या घड्याळात एक तास सोळा मिनिटं झाली होती. "अभिनंदन मॅडम," ते म्हणाले, आणि आम्ही सगळे मिसळ खायला गेलो. तिथे त्यांनी दोन वेळा रस्सा मागून घेतला, पापड मोडून सगळ्यांना सारखा वाटला, पण खांबाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

सर्टिफिकेट मी फ्रेम करून बैठकीच्या खोलीत लावलं. आल्यागेल्याला मी ते दाखवायचे. कुणी विचारलं नाही तरी दाखवायचे. काका चहाला यायचे, माझ्यासारखाच बिनसाखरेचा प्यायचे. एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. पूर्वी ते नेहमी समोरच्या खुर्चीत बसायचे. आता ते सोफ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसत होते. त्या कोपऱ्यातून ती फ्रेम दिसत नाही.

मला फार लाज वाटली. दोन दिवस मी स्वतःशीच भांडले, मग विचारलंच.

"काका, माझी वेळ खरी ना?"

"घड्याळ खरं हाय तुमचं."

"आणि अंतर?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तोंडी सांगत नसतो आमी. अर्ज लागतो."

मी उठले, कागद घेतला आणि रीतसर अर्ज लिहिला. तो त्यांनी दोनदा वाचला, तारीख राहिली होती ती घालायला लावली आणि घडी करून खिशात ठेवला. तिसऱ्या दिवशी नकाशा आला. आलेखाच्या कागदावर, टोक काढलेल्या पेन्सिलीनं, उत्तर दिशेच्या बाणासकट. सुरुवातीची कमान होती, टपरी होती, रोपवाटिका होती. रस्त्यात आडवा टेम्पो होता आणि त्याच्यावरचे द्राक्षाचे क्रेट एकेक करून काढलेले होते. कोनापासून खांबापर्यंत लाल शाईची रेघ: एकशे चाळीस मीटर. जाऊन-येऊन दोनशे ऐंशी. आणि तळाशी शेरा: "अर्जदार चांगल्या पळतात. फेरमोजणीस हरकत नाही."

मी हसले आणि रडलेही. मग म्हटलं, "पुढच्या जानेवारीत."

"मी हाय की बरोबर," काका म्हणाले.

पण श्रावणात एका दुपारी पेपर वाचता वाचता काका गेले. आजारपण नाही, धावाधाव नाही. पुढचे कितीतरी दिवस मी पहाटे साडेपाचला गेटवर जाऊन उभी राहत होते आणि पळायचं सोडून परत येत होते. एका पहाटे काकूंनी खिडकी उघडली आणि वरून ओरडल्या, "अहो, कुत्रं मागं लागलं तरच पळणार का?" त्या दिवसापासून मी पुन्हा पळायला लागले.

जानेवारी आला. शर्यत तीच, रस्ता तोच. चढ संपला, टपरी दिसली, आणि टपरीच्या अलीकडे कोन! या वेळी रुग्णवाहिका उभी करायची म्हणून तो पुढून उचलला होता. मला हसूच फुटलं. स्वयंसेवक मुलगी ओरडली, "मॅडम, इथून टर्न!"

"खूण पुढं हाय!" मी ओरडले. माझ्या तोंडून ते असंच बाहेर पडलं.

पांढरी रेघ पुसट झाली होती, पण होती. मी खांबाला हात लावला आणि वळले, तर माझ्या मागे आठ-दहा माणसं! मी पुढे गेले म्हणून मार्ग तिकडेच आहे असं त्यांना वाटलं होतं. पुढचे दोन किलोमीटर मी त्यांच्या शिव्या ऐकत पळाले. त्यानं वेग जरा वाढला असावा.

कमानीपाशी प्लास्टिकच्या खुर्चीत, शाल पांघरून, मांडीवर थर्मास घेऊन काकू बसल्या होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या शर्यतीला आल्या होत्या.

"किती?"

"एक तास पंधरा मिनिटं आणि अकरा सेकंद." अकरा सेकंदांनी सव्वा तास हुकला होता.

"आणि अंतर?"

"पूर्ण."

"मग झालं तर," काकू म्हणाल्या आणि थर्मासचं झाकण उघडायला लागल्या. ते घट्ट बसलं होतं म्हणून मी उघडून दिलं.

घरी आल्यावर मी फ्रेममधलं सर्टिफिकेट काढलं, तिथे नकाशा बसवला आणि त्याच खिळ्याला अडकवला. परवा काकू चहाला आल्या. थेट समोरच्या खुर्चीत बसल्या, चष्मा लावला, नकाशा वरपासून खालपर्यंत बघितला.

"टेम्पो मात्र छान काढलाय हो यांनी," त्या म्हणाल्या.